सासवण्याची माती : शिल्पकार करमरकरांचें कार्यजीवन



मुंबईहून लाँचनें मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबागच्या वाटेस लागलें, म्हणजे थोड्याच वेळांत सासवणें हें गांव येतें. दोन्ही बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून मधून कौलारू घरें, आणि दिसत नसला तरी कानांवर येणारा समुद्र. ह्या गांवांतील एका घराच्या आवारांत एक म्हैस निवांत बसलेली आहे. प्रथम येणाऱ्या मनुष्यास ती खरीच वाटते. जवळ जाऊन हात लावला म्हणजे ती सिमेंटाची आहे हें ध्यानीं येतें. ही म्हैस घडविणारे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर ह्यांच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

करमरकरांचा जन्म ह्याच सासवण्यांत १८९१ सालीं झाला. त्या वेळीं ह्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. रायगड हें नांव पुष्कळच उशिरा, १९८१ सालीं मिळालें. त्यांच्या घरीं गणपतीच्या मूर्ति बनवीत. आमच्या ह्या किनाऱ्यावर ज्या घरांत गणपति घडतात, त्या घरांतील मुलास मुळाक्षरांच्या आधीं माती कळते. ती किती भिजवावी, खडा कसा वेचावा, सोंड तडकूं नये म्हणून मूर्ति सावलींत किती दिवस ठेवावी, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. सर्वांच्या शेवटीं डोळ्यांची आखणी. ती घरांतील जाणता मनुष्यच करतो, व तेवढा वेळ मुलांनीं दंगा करावयाचा नाहीं. एवढें करून त्या मूर्तीचें आयुष्य किती, तर दीड दिवस. फार झालें तर अनंतचतुर्दशीपर्यंत. आपल्या हातचें काम पाण्यांत विरघळतांना दर भाद्रपदांत पाहणाऱ्या मुलास पुढें धातूचे पुतळे घडवावयाचे होते, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो.

गांवांतील देवळाच्या भिंतीवर ह्या मुलानें अश्वारूढ शिवाजी महाराजांचें चित्र काढलें होतें. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड ह्यांच्या तें दृष्टीस पडलें. हे गृहस्थ स्वतः लेखक होते. हिंदुस्थानांतील स्त्रियांवरील त्यांचें पुस्तक पुढें प्रसिद्ध झालें, व त्यांतील चित्रें आपल्या धुरंधरांनीं काढलेलीं आहेत. चित्र कोणी काढलें ह्याची त्यांनीं चौकशी केली आणि मुलाची मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत जाण्याची सोय करून दिली.

येथें माझी स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. मी ह्याच किनाऱ्यावरील एका शाळेंत अनेक वर्षें मास्तर होतों. एकदां एका मुलानें वर्गाच्या मागल्या भिंतीवर कोळशानें बैलगाडींची शर्यत काढली. भिंत नुकतीच चुन्यानें पांढरी केलेली, आणि दोन दिवसांनीं तपासणी! मीं त्याला छड्या दिल्या व त्याच्याच हातून ती भिंत पुन्हां रंगवून घेतली. चित्र कसें आहे हें मीं पाहिलेंच नव्हतें. तें चांगलें होतें हें मला रात्रीं अंथरुणावर पडल्यावर जाणवलें, व तोंवर चुना वाळला होता.

कलाशाळेंत करमरकरांनीं लॉर्ड मेयो पदक मिळविलें. त्यांच्या आधीं गणपतराव म्हात्रे ह्यांनीं 'मंदिरपथगामिनी' घडवून, मराठी मुलगाही पाश्चात्त्य धर्तीचें शिल्प करूं शकतो हें सिद्ध केलें होतें. तथापि सिद्ध होणें निराळें आणि त्यावर पोट भरणें निराळें. १९१६ च्या सुमारास सुरेंद्रनाथ ठाकूर ह्यांच्या प्रोत्साहनानें करमरकर कलकत्त्यास गेले. सुरेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांचे वडील सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यांत दीर्घकाळ सरकारी नोकरींत होते, त्यामुळें ठाकुरांच्या त्या घराला मराठी मनुष्य परका नव्हता. पुढें १९२० सालीं करमरकर विलायतेस गेले व लंडनच्या रॉयल अॅकॅडमींत त्यांनीं अभ्यास केला.

शिल्पकाराचा संसार चित्रकाराहून अवघड असतो. रंगीत खडूंनीं चित्रें काढणारास एक पेटी, थोडे कागद व खिडकीचा उजेड एवढें पुरतें. गिऱ्हाईक फिरलें तर तो तो कागद बाजूस ठेवील आणि दुसरा घेईल. मूर्तिकारास मणावारी माती लागते, ती उभी राहावी म्हणून आंत लोखंडी सांगाडा लागतो, पुतळा बाहेर निघेल एवढ्या उंच दाराची जागा लागते, हाताखालीं माणसें लागतात. आणि काम चालेल तितके महिने त्या मातीवर ओलीं फडकीं घालून ती जिवंत ठेवावी लागते. बरें, काम सांगणारे कोण? संस्थानिक, नगरपालिका, स्मारक समित्या, नाहींतर दिवंगत वडिलांचा फोटो घेऊन येणारीं सधन कुटुंबें. फोटोंत एकच बाजू दिसते, नाक मात्र चहूंकडून जुळावें लागतें! करमरकरांनीं असे पुतळे व अर्धपुतळे पुष्कळ केले. त्यांवरच त्यांचा प्रपंच चालला, व त्यांत कमीपणा मानण्यासारखें कांहीं नाहीं.

ह्या धंद्यांतील त्यांचें सर्वांत मोठें काम म्हणजे पुण्याचा अश्वारूढ शिवाजी. शाहू छत्रपतींच्या पुढाकारानें ह्या स्मारकाची कोनशिला १९२१ सालीं इंग्लंडच्या युवराजांच्या हस्तें बसली होती. पुढच्याच वर्षीं शाहू महाराज निवर्तले, आणि राजाराम महाराजांनीं तें कार्य तडीस नेलें. पुतळा सुमारें साडेतेरा फूट उंच, वजन सुमारें आठ टन, आणि ओतकाम मुंबईस माझगांव गोदींत झालें. एवढें धूड एकाच ओतणींत ओतलें गेलें, ह्याचा अर्थ काय हें थोडें सांगतों. मातीच्या पुतळ्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यांतून प्लास्टरची प्रतिमा, आणि तिच्यावरून भट्टीचा साचा. त्या साच्याच्या अरुंद पोकळींत हजार अंशांहून अधिक तापलेला रस सोडावयाचा. तो वाटेंत थिजला तर सांधा राहतो. हवा निघून जाण्यास वाट नसली तर भोंक पडतें. साच्यांत ओल राहिली तर स्फोट होऊन माणसें दगावतात. त्यांतून घोड्याचा पुतळा, म्हणजे सगळा भार बारीक पायांवर. वर्षांची मेहनत कांहीं मिनिटांत सोनें तरी होते नाहींतर भंगार. १९२८ च्या जून महिन्यांत गव्हर्नर लेस्ली विल्सन ह्यांनीं पुतळ्याचें अनावरण केलें. शिवाजीनगरास श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांत तो उभा आहे. देवळाच्या भिंतीवरील घोडेस्वार तो हाच, असें म्हणावयाचा मोह होतो.

परंतु मला विचाराल तर करमरकर पाहावे ते सासवण्यास. पुण्याच्या पुतळ्यापुढें आपण महाराजांस नमस्कार करतों. घडविणाराचें नांव विचारीत नाहीं, आणि तें योग्यच आहे. सासवण्याचीं शिल्पें मात्र कोणत्याही समितीनें मागितलेलीं नव्हेत. कोळीण आहे, गांवचीं साधीं माणसें आहेत, जनावरें आहेत. किनाऱ्यावर रोज दिसणारें आणि म्हणूनच कोणी न पाहिलेलें असें सर्व कांहीं. ब्राँझला पैसा लागतो, प्लास्टर आमच्या पावसाळ्यांत टिकत नाहीं. म्हणून उघड्यावरचें काम सिमेंटांत. धरणें आणि पूल बांधण्याच्या ह्या रुक्ष पदार्थाला म्हशीच्या कातड्याची सुरकुती कशी फुटली, तें प्रत्यक्षच पाहावें.

सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. १९६७ सालीं ते वारले. त्यांचें राहतें घर आतां करमरकर शिल्पालय म्हणून लोकांस पाहतां येतें.

मागें एकदां मी तेथें गेलों तो एकटा गेलों नाहीं. भिंत रंगविणारा तो माझा विद्यार्थी बरोबर होता. त्यानें शाळा लौकरच सोडली. पेणेस एका कारखान्यांत तो गणपतींची आखणी करतो, व एका हंगामांत किती डोळे आखतो ह्याचा हिशेब त्यानें स्वतःही ठेवलेला नाहीं. छड्यांची आठवण त्यानें काढली नाहीं. मीच काढली, तेव्हां तो नुसता हंसला. एका अर्धपुतळ्यासमोर तो बराच वेळ थांबला, मग वाकून अगदीं जवळून पाहूं लागला. मीं विचारलें, "काय रे, काय पाहतोस?"

"गुरुजी," तो म्हणाला, "आम्ही बुबुळ काळ्या रंगानें भरतों. ह्यांनीं तेथें नुसता खळगा केला आहे. सावली आपोआप पडते."

आणि खिडकी झांकली जाईल असा तो मधें उभा राहिला व त्यानें मला दाखविलें : उजेड जातांच पुतळ्याची नजर गेली. तो बाजूस झाला, तशी ती पुन्हां आली.