तेल, मेण आणि पर्जन्यकाळ : कर्जत-खालापूरच्या मुलखातील शस्त्ररक्षण

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील तालुके सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी वसलेले असल्यामुळे, अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे घाटाला अडून जून ते सप्टेंबर या काळात येथे मुसळधार पाऊस पाडतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली वाफ, साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाचे गंजणे झपाट्याने वाढते. आणि या मुलखात पावसाळाभर ती त्याहून खाली क्वचितच येते. त्यामुळे येथील गडकोटांवरील तोफा-बंदुकांना शत्रूइतकाच पावसाचाही धोका होता.

या धोक्याची जाण मराठी राज्यव्यवहारात किती मुरलेली होती, हे रामचंद्रपंत अमात्य यांच्या 1715 च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरणावरून दिसते. पर्जन्यकाळी भांड्यांना, म्हणजे तोफांना, आणि गडाच्या दरवाजांना तेल-मेण द्यावे, भांड्यांचे काने मेणाने बुजवावेत आणि तोफ व तिचा गाडा भिजणार नाहीत अशा बेताने वर झांपा, म्हणजे आच्छादन, घालावा, अशी आज्ञा तेथे आहे. काना म्हणजे तोफेच्या मागच्या अंगाचे ते बारीक छिद्र, ज्यात रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालून आतील बार उडवला जात असे; तेथून पाणी शिरले तर नळी आतून सडे. दारूखान्यातील दारू आणि बाण आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे, असेही हा ग्रंथ बजावतो.

तेल-मेणाचा हा लेप लावण्याइतकेच तो वेळेवर उतरवणेही महत्त्वाचे होते, कारण कान्यात मेणाचा अंश राहिला तर रंजकाचा विस्तव आतील बारापर्यंत पोहोचत नाही. तेल आणि प्राणिज चरबी यांचा आणखी एक दोष असा की, हवेच्या संपर्काने ती खवट होतात आणि त्यांतून सुटणारी आम्ले लोखंडाला खातात, तर पितळेवर हिरवा थर आणतात. शिवाय जुन्या काळ्या दारूच्या जळण्यातून उरणारे क्षार हवेतील ओल ओढून घेतात आणि तेलात विरघळत नाहीत. म्हणून नळी आधी पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तिला तेल देणे आवश्यक असे, अन्यथा गंज लेपाखालीच वाढत राही.

पावसाळा सरल्यावर येणारी आश्विन शुद्ध नवमी, म्हणजेच खंडेनवमी, या दृष्टीने पाहिली पाहिजे. त्या दिवशी शस्त्रे आणि अवजारे बाहेर काढून, स्वच्छ करून पुजली जातात आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सीमोल्लंघन होते. नद्या उतरत, वाटा वाळत आणि मोहिमांना आरंभ होई. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची कोंडी केली ती 2 फेब्रुवारी 1661 रोजी, म्हणजे अशाच कोरड्या ऋतूत. पूजेच्या या विधीत श्रद्धेबरोबर वार्षिक तपासणीची व्यवहारी शिस्तही सामावलेली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलापासून काढलेली वंगणे प्रचारात आली आणि चरबीची जागा त्यांनी घेतली. अमेरिकेतील हॉटन कंपनीचे ‘कॉस्मोलीन’ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. दुसऱ्या महायुद्धात असंख्य रायफली त्यात माखून साठवल्या गेल्या. हे ग्रीस खवट होत नाही, पण त्यातील हलके घटक वर्षानुवर्षे उडून जातात आणि मागे तपकिरी, मेणासारखा चिवट थर राहतो. तो खरवडण्याऐवजी मंद उष्णतेने मऊ करून पुसून घ्यावा लागतो, उरलेला रॉकेलसारख्या द्रावकाने मऊ कुंचल्याने उतरवावा लागतो आणि उघडे पडलेले पोलाद त्याच दिवशी पातळ तेलाने झाकावे लागते. लाकडी दस्त्यात मुरलेले ग्रीस तर अनेकदा ऊब देऊन थोडे थोडे बाहेर काढावे लागते.

संग्रहालयांतील जतनकारही आज याच क्रमाने काम करतात आणि वाळूकागद किंवा तारेचा ब्रश कटाक्षाने टाळतात, कारण त्यांनी गंजाबरोबर कारागिराच्या खुणा, अक्षरे आणि मूळ पृष्ठभागही निघून जातो. गेलेला पृष्ठभाग कोणत्याही लेपाने परत येत नाही. कर्जत तालुक्यातील कोथळीगडावर, जेथे सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्यांनी माथा गाठावा लागतो, जुनी तोफ आजही पाहायला मिळते. अशा तोफांबद्दल आस्था असणाऱ्यांनी उत्साहाच्या भरात त्यांवर गंजासकट रंग किंवा तेल चढवू नये, कारण ओल त्या थराखाली कोंडली जाते; पुरातत्त्व खात्याची अनुमती आणि जाणकाराचा हात असल्याशिवाय त्यांना हात लावणेच गैर. आज्ञापत्राने तेल-मेणाबरोबर झांपाही सांगितला होता, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे : लेप काही महिने टिकतो, म्हणून त्यावर छप्पर हवे, आणि दर ऋतूला ते उचलून आत पाहणारा माणूस हवा.