आजारी मांजराचे दयामरण आणि मनाला लागणारी टोचणी

असाध्य आजाराने जर्जर झालेल्या वृद्ध मांजराला पशुवैद्याच्या हस्ते दयामरण देण्याचा प्रसंग आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आता अपरिचित राहिलेला नाही. पूर्वी वाडीतले मांजर म्हातारे झाले की एके दिवशी दिसेनासे होई आणि त्याचा अंत पाहण्याची वेळ घरच्यांवर सहसा येत नसे. आज तेच मांजर सदनिकेत पंधरा-सोळा वर्षे राहते, त्याच्या रक्ततपासणीचा अहवाल आपल्या हाती पडतो आणि एका संध्याकाळी पशुवैद्य विचारतात, "काय करायचे ठरवले आहे?" त्या प्रश्नाला उत्तर दिल्यानंतर मनात जे मागे उरते, त्याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

"मीच तिला मारले" असे म्हणणारी व्यक्ती बहुधा तीच असते, जिने वर्षभर त्या मांजराची औषधे सांभाळलेली असतात. तिच्या मनात शोक आणि अपराधभाव यांची सरमिसळ झालेली असते. शोकाला वेळ आणि सोबत लागते. अपराधाला सत्यशोधन आणि गरज असेल तर क्षमा लागते. म्हणून प्रथम ही सरमिसळ सोडवून पाहणे आवश्यक आहे.

ख्रिस्तसभा काय शिकवते

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात परिच्छेद २४१५ ते २४१८ हे प्राण्यांविषयी आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, मनुष्याने त्यांच्याशी ममतेने वागले पाहिजे, असे सांगताना तेथे असिसीकर संत फ्रान्सिस आणि संत फिलिप नेरी यांचे स्मरण केले आहे. प्राण्यांची जबाबदारी देवाने मनुष्यावर सोपवली आहे. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे वा विनाकारण मारणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभणारे नाही. यातील 'विनाकारण' या शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. दयामरणाचा निर्णय घेणाऱ्याने आपल्या विवेकाला विचारावयाचा प्रश्न याच शब्दात आहे: कारण होते काय?

अनेक भाविकांचा गोंधळ येथेच होतो. मनुष्याच्या दयामरणाला ख्रिस्तसभेचा ठाम विरोध आहे (त्याच ग्रंथातील परिच्छेद २२७७) आणि प्रवचनांतून तो आपण वारंवार ऐकलेला असतो. तोच न्याय मांजराला लावून आपल्या हातून गंभीर पाप घडले, अशी समजूत करून घेतली जाते. ही समजूत चुकीची आहे. मनुष्य देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे. त्याचे जीवन, मग ते कितीही क्षीण झालेले असो, संपवण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्राणी आपल्या राखणीत दिलेला आहे, आणि त्याच्या यातना थांबवण्याचा दुसरा मार्ग उरलेला नसताना त्या थांबवणे हा राखणीचाच भाग ठरू शकतो.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शेजारीपाजारी कोणी सहज "हत्या" हा शब्द उच्चारतो आणि तो काळजात रुततो. या संदर्भात १९२८ सालची घटना आठवावी. साबरमती आश्रमातील एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते आणि उपचारांचा उपयोग उरला नव्हता. गांधीजींनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन त्याचा अंत घडवून आणला आणि त्याविषयी 'नवजीवन'मध्ये उघडपणे लिहिले. त्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. तरीही हे कृत्य अहिंसेच्या विरोधात नव्हते, या मतावर ते ठाम राहिले. (पुढे जाऊन हाच विचार त्यांनी काही परिस्थितींत मनुष्यालाही लागू केला, तेथे मात्र आपण त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही.)

आजाराचे वास्तव

टोचणीचा बराच भाग माहितीच्या अभावातून येतो, असे आमचे मत आहे. म्हाताऱ्या मांजरांत सर्रास आढळणारा मूत्रपिंडाचा जुनाट विकार उदाहरणादाखल घेऊ. या विकारात मूत्रपिंडाची सुमारे दोन तृतीयांश क्षमता नष्ट होईपर्यंत बाहेरून फारसे काही जाणवत नाही. मग मांजर जास्त पाणी पिऊ लागते, लघवी वाढते, वजन हळूहळू उतरते. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. पशुवैद्य या विकाराच्या चार पायऱ्या मानतात आणि क्रिएटिनिन ५ मिलिग्रॅमच्या वर गेले की ती चौथी पायरी समजली जाते. गमावलेले मूत्रपिंड परत येत नाही. कातडीखाली सलाइन देणे, पथ्याचा आहार, मळमळीवरील औषधे यांनी काही काळ बरा जातो, इतकेच.

त्यातून मांजर हा दुखणे लपवणारा प्राणी. ते कण्हत नाही. कपाटामागे जाऊन बसते, अंग चाटून स्वच्छ करणे सोडते, उंच जागी उडी मारणे टाळते. "माझ्या आधी लक्षात कसे आले नाही?" असे स्वतःला विचारणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, अनुभवी पशुवैद्यालाही रक्ततपासणीखेरीज हे सांगता आले नसते.

दुसरी बोचणी अशी: "शेवटच्या दिवशीही ती मांडीवर घुरघुरत होती, म्हणजे तिला जगायचे होते." मांजर समाधानात घुरघुरते हे खरे, पण वेदनेत, भीतीत आणि मृत्यूच्या समीपही ते घुरघुरते. सलाइन दिल्यानंतरच्या एखाद्या दिवशी ते ताजेतवाने दिसते, थोडे मासे खाते, आणि तो दिवस पुढे घरच्यांना पुराव्यासारखा छळत राहतो. विकाराची दिशा त्या एका दिवसाने बदललेली नसते.

"देवाने नेले असते तेव्हा गेली असती" असेही म्हटले जाते. मूत्रपिंड निकामी होऊन येणारे मरण झोपेत अलगद येते, अशी कल्पना त्यामागे असते. प्रत्यक्षात रक्तात विषारी द्रव्ये साठतात, तोंडात व्रण पडतात, उलट्या थांबत नाहीत, अंग गार पडते, कधी झटके येतात; आणि हे काही दिवस चालते. जे टळले ते हे होते.

निर्णयाची वेळ ठरवण्यासाठी अमेरिकेतील पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत काय, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यावयाचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जीवन सुसह्य मानावयाचे. हे गणित काही देववाणी नव्हे. तरी ज्यांच्या घरी आज असे मांजर आहे, त्यांनी रोज वहीत हे गुण मांडून ठेवावेत. पुढे मन "घाई केली" म्हणू लागले तर ती वही बोलेल. एक नवल असे की, "घाई केली" आणि "उशीर केला" हे दोन्ही आरोप एकच माणूस एकाच रात्री स्वतःवर करीत असतो.

त्या शेवटच्या मिनिटांविषयी

बहुतेक ठिकाणी आधी गुंगीचे औषध देतात आणि नंतर शिरेतून भूल देण्याच्या औषधाची मोठी मात्रा. शुद्ध काही सेकंदांत हरपते, मग श्वास आणि हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात. कधी स्नायू फडफडतात, एखादा खोल उसासा येतो, लघवी होते. हे सारे शुद्ध गेल्यानंतरचे शरीराचे व्यवहार आहेत. त्यात यातना नाही. कोणी आधी समजावून सांगितले नसेल, तर हे दृश्य पाहणाऱ्याला मांजर जिवाच्या आकांताने धडपडले असे वाटते आणि ते चित्र महिनोन्महिने डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्यांना खोलीत थांबवले नाही आणि जे बाहेर निघून गेले, त्यांच्या मनात वेगळी खंत असते. गुंगीत गेलेल्या मांजराला खोलीत कोण आहे हे कळत नाही; त्याआधीची वर्षे आपण त्याच्याजवळच होतो.

खरी चूक असेल तर

प्रत्येक टोचणी खोटीच असते, असे म्हणून आम्ही कोणाची फसवी समजूत घालणार नाही. बरे होण्याजोगे मांजर केवळ कंटाळा आला म्हणून, घर बदलायचे म्हणून किंवा स्वच्छतेचा त्रास नको म्हणून संपवले असेल, तर तेथे दोष आहे आणि विवेक योग्य तेच सांगत आहे. तपासणी महिनोन्महिने टाळली असेल, तर तीही निष्काळजी ठरू शकते. अशा वेळी समेटाच्या संस्काराकडे जावे. जे घडले ते नेमक्या शब्दांत, एकदा सांगावे. गंभीर पापासाठी गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि हेतुपुरस्सर संमती या तिन्ही गोष्टी लागतात, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलोच आहोत. धर्मगुरू त्या कसोटीवर आपल्याला मार्ग दाखवतील. त्यांनी "यात पाप नाही" असे सांगितल्यावरही दर आठवड्याला तेच पुन्हा सांगावेसे वाटत असेल, तर तो विवेकाचा अतिसंशय होय. संत इग्नेशियस लोयोला स्वतः या विकाराने पोळलेले होते आणि 'आध्यात्मिक साधने'त त्यांनी त्यावर स्वतंत्र टिपणे लिहून ठेवली आहेत.

पैशाचा प्रश्न अनेकांना सर्वांत अधिक छळतो. "आणखी खर्च केला असता तर…" येथे वर उल्लेखिलेला परिच्छेद २४१८ उपयोगी पडतो. मनुष्यांचे दैन्य दूर करण्यासाठी जो पैसा अग्रक्रमाने जावयास हवा, तो प्राण्यांवर खर्च करणे योग्य नव्हे, असे तो सांगतो. मुलांची फी, आईवडिलांची औषधे आणि मांजराचे उपचार यांत ज्याने आधीच्या दोन गोष्टी निवडल्या, त्याने विश्वासघात केलेला नाही.

शोकाचा संकोच

उरतो तो शोक, आणि आपल्याकडे त्याला जागा मिळत नाही. "मांजरच तर होते" हे उत्तर ठरलेले. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ साली अशा दुःखाविषयी लिहिले, ज्याला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. पाळीव प्राण्याचा वियोग त्यात मोडतो. जानेवारी २०२२ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मुलांऐवजी कुत्री-मांजरी पाळणाऱ्या दांपत्यांवर टीका केली, तेव्हापासून काही भाविकांना हे दुःख बोलून दाखवण्याचीही लाज वाटू लागली असावी. ती टीका अपत्य टाळण्याविषयी होती. मुले परदेशी गेलेली आणि जोडीदार निवर्तलेला अशा घरात मांजरासाठी रडणाऱ्या वृद्धेला ती लागू पडत नाही.

पवित्र शास्त्रही या मायेला अपरिचित नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेल्या दाखल्यातील गरिबाची मेंढी त्याच्या ताटात जेवते, त्याच्या कुशीत निजते आणि त्याला लेकीसारखी असते (२ शमुवेल १२). राजाला तो दाखला समजला, कारण अशी माया असते हे त्याला ठाऊक होते. मांजराचा उल्लेख मात्र बायबलमध्ये जवळजवळ नाहीच. बारुखच्या सहाव्या अध्यायात मूर्तींच्या अंगावर वाघळे, पाकोळ्या आणि मांजरे बसतात, एवढाच काय तो मान!

मांजर स्वर्गात भेटेल काय, असे मुले विचारतात आणि मोठी माणसे मनातल्या मनात विचारतात. २०१४ च्या डिसेंबरात "प्राणी स्वर्गात जातात असे पोप म्हणाले" अशी बातमी जगभर पसरली होती; ते शब्द पोप फ्रान्सिस यांचे नव्हतेच, हे नंतर स्पष्ट झाले. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्राण्याचा आत्मा देहाबरोबर संपतो. दुसरीकडे, सारी सृष्टी मुक्तीची वाट पाहत आहे असे संत पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहितात आणि २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाच्या शेवटी प्रत्येक प्राणिमात्राला शाश्वत जीवनात स्थान असल्याची आशा व्यक्त केली आहे. ख्रिस्तसभेने याबाबत श्रद्धासिद्धान्त जाहीर केलेला नाही. मुलांना "देवाने तिला घडवले, देव तिला विसरत नाही" एवढे सांगणे पुरेसे आणि खरे आहे. "तिला झोपवले" असे मात्र त्यांना सांगू नये. लहान मुले मग स्वतःच्या झोपेला घाबरतात.

प्राण्यासाठी मिस्सा वा अंत्यविधी नाही. परसात पुरताना कुटुंबाने मिळून कृतज्ञतेची प्रार्थना करण्यास मात्र काहीच हरकत नाही. ज्यांना परस नाही अशा मुंबईकरांसाठी महापालिकेने २०२३ साली मालाड येथे लहान प्राण्यांच्या दहनाची सोय सुरू केली.

झोप उडणे, जेवण न जाणे, काम न सुचणे हे आठवड्यांमागून आठवडे चालू राहिले, किंवा स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, तर धर्मगुरूंबरोबरच डॉक्टरांनाही भेटावे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. घरात दुसरे मांजर असेल तर तेही काही दिवस जुन्या जागा हुंगत फिरेल आणि कमी खाईल; दोन दिवसांहून अधिक काळ त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तर त्याला पशुवैद्याकडे न्यावे.