बीस्ट्स ऑफ नो नेशन

बालसैनिकांच्या जीवनावरील अमेरिकन युद्धपट (२०१५). पटकथा, दिग्दर्शन व छायालेखन कॅरी जोजी फुकुनागा यांचे. उझोडिन्मा इवेला यांच्या याच नावाच्या कादंबरीवर (२००५) तो आधारित असून त्याचे चित्रीकरण घानामध्ये झाले.

कथा पश्चिम आफ्रिकेतील एका अनाम देशात घडते. यादवी युद्धात (पहा : यादवी युद्ध) कुटुंबाला दुरावलेला अगू (एब्राहम अट्टा) कमांडंटच्या (इद्रिस एल्बा) बंडखोर टोळीत ओढला जातो. कादंबरीतील प्रथमपुरुषी कथन पटकथेत अगूच्या पार्श्वनिवेदनातून येते. त्याचा सोबती स्ट्रायका मात्र अबोल राहतो. आरंभी मुले दूरचित्रवाणी संचाच्या रिकाम्या खोक्यामागे अभिनय करतात व कॅमेरा त्याच चौकटीतून दृश्य टिपतो. पुढे तो बहुधा अगूच्या लगत राहतो (पहा : छायालेखन). एका प्रसंगात हिरवे रान गुलाबी-तांबडे दिसू लागते आणि अगूची ढळलेली जाणीव सूचित होते. युद्धाच्या राजकीय कारणांपेक्षा मुलाच्या अनुभवावर दिलेला भर हे चित्रपटाचे मुख्य वैशिष्ट्य होय.

व्हेनिस चित्रपट महोत्सवात (२०१५) अट्टाला नवोदित कलावंतासाठीचा मार्चेल्लो मास्त्रोयान्नी पुरस्कार मिळाला. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चित्रपट नेटफ्लिक्सवर आणि अमेरिकेतील निवडक चित्रपटगृहांत एकाच वेळी प्रदर्शित झाला.