पातेऱ्याची कुळकथा

पातेरा म्हणजे झाडाखाली पडून वाळलेला पाला. देशावर त्याला पालापाचोळा म्हणतात, दापोलीकडे पातेरा. हाच पातेरा, वाळलेले गवत किंवा भाताचा पेंढा झाडाभोवती पसरून जमीन झाकण्याच्या पद्धतीला आजच्या शेतीच्या मराठीत ‘आच्छादन’ हे नाव आहे. तण दाबण्याचा आणि ओल धरण्याचा तो एक मार्ग. दुसरा मार्ग नांगराचा, कुदळीचा, कोळप्याचा: जमीन उकरायची आणि तण मुळासकट काढायचे. फळबागेला यांतला कोणता मानवतो, हा वाद जगभर शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. दापोलीत मात्र तो नांगर आणि पाला यांच्यातला वाद कधी फारसा नव्हताच. तिथला प्रश्न असा होता, की पातेरा जाणार कुठे: राबात, गोठ्यात की झाडाच्या आळ्यात?

दापोलीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंच आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तिथे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने आभाळ जवळजवळ कोरडे. खाली जांभा. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली मलबारातल्या अशाच दगडाला विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटराइट’ म्हटले. कोकणातले गवंडी त्याचे चिरे त्याच्या कितीतरी आधीपासून काढत होते. जांभ्यावरची माती तांबडी, आम्लधर्मी आणि उथळ. पाणी तिच्यातून चाळणीतून जावे तसे जाते. आषाढात ज्या उतारावर पाय ठरत नाही, तिथेच माघात वीतभर खणले तरी ओल लागत नाही. असा उतार नांगरून मोकळा केला, तर वरची माती पहिल्या सरींतच वहाळाला लागते.

तरीही उतारावर नांगर होता. भाताखाली न येणारी डोंगरउताराची जमीन म्हणजे वरकस. तिथे नाचणी, वरी, हरीक ही पिके दोन-तीन वर्षे घेत आणि मग जमीन काही वर्षे ओस टाकत. माती धुपते हे शेतकऱ्याला कळत नव्हते असे नाही. ओस टाकणे हाच त्याचा त्यावरचा इलाज होता: गवत वाढू द्यायचे, झुडपे येऊ द्यायची आणि जमिनीने स्वतःच स्वतःला झाकून घ्यायचे.

पातेऱ्यावर पहिला हक्क राबाचा. भाताच्या दाढीची, म्हणजे रोपे तयार करायची, जागा उन्हाळ्यात भाजतात. या कामाला राब किंवा भाजावळ म्हणतात. जमिनीवर शेण किंवा शेणी, त्यावर ऐन-किंजळीची तोडलेली कवळ, त्यावर पातेरा, वर गवत आणि शेवटी बारीक मातीचा थर. आग वाऱ्याच्या उलट्या बाजूने लावतात, म्हणजे ती भडकत नाही, आतल्या आत धुमसत सरकते. राखेतून रोपांना पालाश मिळते. पण वरच्या थरातले तणाचे बी भाजून मरते, हा फायदा त्याहून मोठा. आच्छादनाचे आणि राबाचे काम या अर्थाने एकच आहे, साहित्यही बरेचसे एकच. एकात पाला कुजून तण दाबतो, दुसऱ्यात जळून.

या कवळीपायी एकोणिसाव्या शतकात सरकार आणि रयत समोरासमोर आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत वनखात्याने झाडे छाटण्यावर निर्बंध घातले, तेव्हा तक्रारी इतक्या झाल्या की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ सालचा. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांच्या १८९३ च्या अहवालातही राबाचा विचार आहे. फळझाडाखाली पाला पसरण्याचा मुद्दा या भांडणात कुणाच्या गावीही नव्हता, आणि ते साहजिक होते. भाताच्या रोपाला न पुरणारा पाला आंब्याला कोण घालणार?

दुसरा हक्क गोठ्याचा. पावसाळ्यात गुरांच्या पायाखाली पातेरा अंथरत. शेणा-मुतात भिजून तो उकिरड्यावर जाई आणि पुढच्या वर्षी खत होऊन शेतात. गवताची वाट तर आधीच ठरलेली. दसरा-दिवाळीच्या सुमारास ते कापायचे, भारे बांधायचे, उडवी रचायची. त्यातून गुरांची वैरण आणि घराची शाकारणी. कौले परवडणारी घरे थोडी होती, तोवर गवताची काडीही मोलाची होती.

याला अपवाद होता तो आगराचा. हर्णै, मुरुड, आंजर्ले, केळशी या किनारपट्टीच्या गावांत नारळ-पोफळीच्या बागा दाट. नारळाखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, मधल्या जागेत केळ नाहीतर जायफळ. इथे बैल फिरवायला वावच नाही, आणि फिरवला तर पोफळीची वरवर पसरलेली मुळे तुटतील. त्यामुळे जे पडेल ते तिथेच मुरवायचे, ही आगराची रीत. वाळलेले चुडत कोयत्याने तोडून आळ्यात, पोफळीची विरी आळ्यात, केळीचा सोप आळ्यात. नारळाची सोडणेही पुरतात, पोकळ बाजू वर करून, म्हणजे प्रत्येक सोडण पाण्याची वाटी होते आणि तिचा काथ्या ते पाणी सावकाश सोडत राहतो. किनाऱ्याच्या वाळूत पाणी ठरत नाही. शिंपणे चुकले तर आगर माना टाकते. पाणी वाचवण्याची गरज होती म्हणून झाकण्याची रीत आली. तिला वेगळे नाव मात्र कुणी दिले नाही. ‘आळ्यात घालणे’ एवढेच.

नाव आणि तत्त्व आले ते बाहेरच्या वादातून. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने १७३१ साली असे मांडले, की मुळे मातीचे बारीक कण खातात, म्हणून माती जितकी बारीक कराल तितके पीक चांगले. कारण चुकीचे होते, पण दोन ओळींमधून घोड्याने ओढायच्या कोळप्याचा त्याचा आग्रह टिकला, कारण तण त्याने खरोखरच मरत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत फ्रँकलिन किंग यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी कोरडवाहू शेतीसाठी धुळीच्या थराचा पुरस्कार केला: वरची माती भुसभुशीत ठेवली की खालून वर येणाऱ्या पाण्याच्या केशनलिका तुटतात आणि ओल राहते. म्हणजे उकरलेली मातीच आच्छादन. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ ही देशावरची म्हण तेच सांगते. काळी माती वाळली की भेगाळते, भेगांतून ओल उडते आणि कोळपे त्या भेगा बुजवते. तिथे ती म्हण खरीच आहे. जांभ्यावरच्या मातीला तशा भेगा पडत नाहीत, म्हणून ही म्हण घाट उतरली की निम्मी लंगडी पडते. कॅलिफोर्नियाच्या फळबागांत फ्रँक वाइमायर यांनी १९२७ साली दाखवून दिले, की वरची माती हलवल्याने ओल वाचते ती मुख्यतः तण जाते म्हणून. तण दुसऱ्या उपायाने काढले, तर उकरण्याचा वेगळा लाभ फारसा उरत नाही.

मग गवत तसेच राहू द्यावे का? याचे उत्तर इंग्लंडमधल्या वोबर्नच्या प्रायोगिक फळबागेत मिळाले. १८९४ साली सुरू झालेल्या या बागेत स्पेन्सर पिकरिंग यांना सफरचंदाची कोवळी झाडे जिवंत गवतात खुंटलेली आढळली. बिहारमधल्या पुसा येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी आंबा, पेरू, लिची, सीताफळ अशा झाडांवर हाच प्रयोग केला. त्यांच्या मते गवत झाडाचे नुसते पाणी आणि अन्न पळवत नाही. त्याच्या दाट मुळांखाली मातीतली हवा कोंडते आणि फळझाडाची मुळे गुदमरतात. हेच हॉवर्ड पुढे होळकरांच्या इंदुरात गेले. तिथे पाला, काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ उभी राहिली; तिच्यावरच्या १९३१ च्या पुस्तकाचे सहलेखक होते यशवंत वाड. या सगळ्यातला कोकणाच्या कामाचा धडा असा, की उभे गवत आणि कापून आडवे पसरलेले गवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले झाडाच्या ताटातले खाते, दुसरे स्वतःच ताटात येते.

जपानच्या शिकोकू बेटावरचे मासानोबू फुकुओका यांनी नांगर साफ नाकारला. त्यांचे ‘एका काडातून क्रांती’ या नावाने मराठी वाचकांना परिचित असलेले पुस्तक मूळ जपानीत १९७५ साली आले. कोकणाच्या उत्तर टोकाला, उंबरगावजवळ, भास्कर सावे यांनी चिकू-नारळाच्या बागेत न नांगरता उत्पन्न घेऊन दाखवले. महाराष्ट्रात श्रीपाद अच्युत दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने काडीकचऱ्याचे मोल शेतकऱ्यांना मोजून पटवले. पुढे सुभाष पाळेकरांनी बीजामृत, जीवामृत आणि वाफसा यांच्या पंगतीला ‘आच्छादन’ बसवले आणि पुस्तकी वाटणारा हा संस्कृत शब्द बांधावर रुळला.

दापोलीत कृषी महाविद्यालय १९६५ पासून आणि कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. पण बागायतीचे चित्र पालटले ते १९९० नंतर, रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने. वरकस जमिनी आणि कातळाच्या कडा आंबा-काजूच्या कलमांखाली आल्या. कातळावर तर सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची. तिथे नांगराचा प्रश्नच मिटला. याच सुमारास आणखी एक बदल चालू होता. गोठे रिकामे होत होते, छपरांवर कौले आणि पत्रे आले होते, भातशेती आक्रसत होती. गवत आणि पातेरा यांचे जुने हक्कदार एकेक करून गेले. आंब्याच्या आळ्याला पाला मिळाला तो शास्त्राने सांगितल्यामुळे, हे अर्धेच खरे. तो मोकळा झाला होता म्हणूनही मिळाला.

आजची रीत हंगामावर बांधलेली आहे. पावसाळ्यात उतारावरचे गवत तसेच राहू देतात, कारण तेच माती धरून ठेवते आणि तेव्हा पाण्याची चढाओढ नसते; आळे तेवढे बेणून मोकळे करतात. पाऊस सरता सरता बेणणी होते आणि कापलेले गवत तिथेच पडते. हापूसच्या मोठ्या कलमांना मात्र लगेच जाड थर घालण्यात घाई आहे: मोहोर येण्यापूर्वी झाडाला थोडा ताण बसावा लागतो, आणि ओल राहिली तर मोहोराऐवजी पालवी फुटते. फळधारणा झाल्यावर पंधरा-पंधरा दिवसांनी तीन-चार वेळा झाडाला १५० ते २०० लिटर पाणी द्यावे आणि विस्ताराखाली गवताचे आच्छादन करावे, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. त्याने फळगळ कमी होते. कोवळ्या कलमांना हा नियम लागू नाही. त्यांना पहिली दोन-तीन वर्षे पाऊस थांबताच झाकावे लागते.

थर चार बोटे तरी हवा. त्याहून पातळ असला तर उजेड आत शिरतो आणि तणाचे बी रुजते. खोडाला मात्र पाला टेकू द्यायचा नाही. तिथे दमट राहिले की वाळवी चढते, आंब्याचा भिरूड आणि काजूचा खोडकिडा यांची भोके पाल्याआड दिसत नाहीत, आणि भुसा बाहेर पडलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. करपा आलेली पाने-डहाळ्या आळ्यात घालणेही महागात पडते. नुसता पेंढा घातला तर तो कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र काही काळ स्वतःच वापरतात; म्हणून त्यात गिरिपुष्पाचा ओला पाला मिसळतात. बांधावरचे हे झाड मध्य अमेरिकेतून आलेले. कोकणात त्याला उंदीरमारी असेही म्हणतात. त्याचा पाला लवकर कुजतो आणि नत्र देतो.

उकरण्याची बाजू पूर्णपणे हरलेली नाही. फळमाशीचे कोष मातीत असतात. झाडाखालची माती हलकी चाळवली की ते उन्हाला आणि पाखरांना सापडतात. घट्ट झालेले आळे वर्षातून एकदा वरवर खणणेही गैर नाही. खोल नांगरट मात्र अन्न शोषणारी वरच्या थरातली मुळे तोडते, आणि ती भरून यायला झाडाची ताकद जाते.

मजूर मिळेनासा झाल्यावर कोयत्याची जागा पेट्रोलवर चालणाऱ्या ग्रासकटरने घेतली. हे यंत्र गवत बारीक करून जागच्या जागी टाकते, त्यामुळे नकळत आच्छादन होऊन जाते. दुसरी पळवाट तणनाशकाची. ग्लायफोसेट १९७४ साली बाजारात आले. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित केली. तण त्याने मरते, पण पावसाळ्याच्या तोंडावर उतार उघडा पडतो. प्लास्टिकची चंदेरी-काळी पट्टी कलिंगडाला सोयीची. बागेत ती कुजत नाही आणि उचलायला माणूस लागतो.

आच्छादनाचा सगळ्यांत मोठा शत्रू वणवा. फेब्रुवारी ते मे या काळात सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या माळावरचे, वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते आणि आगीला बागेच्या आळ्यातले गवत आयते मिळते. दहा वर्षांचे कलम तासाभरात होरपळते. म्हणून बागेच्या कडेने काही हात रुंदीचा पट्टा डिसेंबरातच तासून काढतात, अगदी मातीपर्यंत, पातेऱ्याचे एक पान न ठेवता. झाकलेल्या बागेत उघडी जमीन मुद्दाम राखतात ती एवढीच.