पोर्ट्रेट फोटोवर उपयोगी फीडबॅक कसा मिळवायचा?

नवीन कॅमेरा किंवा चांगला फोन घेतला की पहिले मॉडेल घरातलेच असतात. आई, आजी, बहीण, नाहीतर रूममेट. फोटो काढायचा, फॅमिली ग्रुपवर टाकायचा आणि 'मस्त', 'भारी', 'एक नंबर' असे रिप्लाय वाचायचे. छान वाटतं, पण पुढचा फोटो याहून चांगला कसा काढायचा हे त्यातून कळत नाही. माझं जवळपास वर्षभर असंच चाललं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुणी फक्त 'ॲप चालत नाही' असं लिहून पाठवलं तर काहीच करता येत नाही. कोणता फोन, नेमकं काय केलं, काय दिसायला हवं होतं, हे सगळं परत विचारावं लागतं. 'फोटो कसा आलाय?' हा प्रश्नही तसाच आहे. त्याला 'छान' किंवा 'ठीक' याशिवाय दुसरं उत्तर येणं कठीण. त्यामुळे चांगला फीडबॅक हवा असेल तर सुरुवात आपल्या विचारण्यापासून करावी लागते.

१. आधी फाइल नीट पाठवा

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याची साइझ कमी होते, बारीक डिटेल जातात आणि एक्झिफ माहितीही निघून जाते. एक्झिफ म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली नोंद. शटर स्पीड, ॲपर्चर, आयएसओ, फोकल लेंथ, तारीख आणि वेळ हे सगळं त्यात असतं. फोटो ब्लर का आला हे सांगायला अनुभवी माणसाला हेच आकडे लागतात.

- फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. स्क्रीनशॉट पाठवू नका.
- एडिट केला असेल तर मूळ फोटो आणि एडिट केलेला, दोन्ही पाठवा. चूक कॅमेऱ्यात झाली की एडिटिंगमध्ये, हे त्यामुळे कळतं.
- एडिट केलेला फोटो एसआरजीबी कलर स्पेसमध्ये सेव्ह करा. नाहीतर काही स्क्रीनवर रंग फिके दिसतात.
- फोनचा नाइट लाइट मोड बंद करून फोटो बघा आणि समोरच्यालाही तसंच बघायला सांगा. तो चालू असला की चेहरा उगाच पिवळा दिसतो.

एक काळजी मात्र घ्या. एक्झिफमध्ये लोकेशनही असू शकतं. घरी काढलेला फोटो अनोळखी माणसाला मूळ फाइल म्हणून पाठवला तर घराचा पत्ताच दिल्यासारखं होईल. कॅमेरा ॲपच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करून ठेवा.

२. प्रश्न एकच विचारा, पण नेमका

मी आता साधारण असा मेसेज पाठवतो:

"बहिणीचा फोटो आहे, ऑफिसच्या प्रोफाइलसाठी. सकाळी १० वाजता, खिडकीशेजारी. ५० एमएम लेन्स, एफ १.८, शटर १/१६०, आयएसओ ४००. चेहऱ्याची एक बाजू जास्त काळी वाटतेय. सावली कमी करायला काय करू?"

यात फोटो कशासाठी आहे, कसा काढला आणि कुठे अडलंय, हे तिन्ही आलं. याला कुणी नुसतं 'मस्त' म्हणणार नाही. 'खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोलची शीट धर' असं काम होईल असं उत्तर येतं.

दहा फोटो एकदम पाठवू नका. एक पाठवा, फार तर दोन. निवड करणं हाही शिकण्याचाच भाग आहे.

३. पाठवण्याआधी हे स्वतः तपासा

नवशिक्यांच्या पोर्ट्रेटमध्ये त्याच त्या चुका असतात. त्या आपणच पकडल्या तर समोरच्याचा वेळ पुढच्या गोष्टींसाठी वापरता येतो.

फोकस: फोटो १०० टक्के झूम करा. कॅमेऱ्याच्या जवळचा डोळा शार्प हवा. ५० एमएम लेन्स, एफ १.८ आणि अंतर साधारण एक मीटर असेल तर जेमतेम तीन-चार सेंटीमीटर भागच शार्प येतो. माणूस जरा पुढे झुकला की डोळ्याऐवजी कान शार्प! सुरुवातीला एफ २.८ ते एफ ४ ठेवा.

हललेला फोटो: कान शार्प आणि डोळा ब्लर असेल तर फोकस चुकलाय. फोटोत कुठेच काही शार्प नसेल तर बहुतेक हात हललाय. फक्त माणूस ब्लर आणि मागची भिंत शार्प असेल तर फोकस भिंतीवर गेलाय किंवा माणूस हललाय. माणसांसाठी शटर १/१२५ पेक्षा कमी ठेवू नका. लहान मुलं असतील तर आणखी वाढवा.

उजेड: डोळ्यात प्रकाशाचा छोटा ठिपका दिसतो का बघा. तो असला की डोळे जिवंत वाटतात. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते, तेव्हा व्हरांड्यात किंवा दारात उभं करा. गौतम राजाध्यक्ष यांचं 'चेहरे' हे पुस्तक लायब्ररीत मिळालं तर प्रत्येक फोटोत उजेड कुठून आलाय ते ओळखायचा प्रयत्न करा. चांगला सराव होतो.

एक्स्पोजर: कॅमेरा सगळ्या फ्रेमची सरासरी मध्यम उजेडावर आणायला बघतो. मागे पांढरी भिंत किंवा उजेडाची खिडकी असेल तर तो पूर्ण फोटो गडद करतो आणि सावळा चेहरा आणखी काळा पडतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ किंवा +१ करा. फोनवर चेहऱ्यावर टॅप करून उजेडाचा स्लायडर वर सरकवा.

अंतर: फोनची मुख्य लेन्स वाइड असते. फार जवळ गेलं की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दीड-दोन मीटर मागे या आणि २एक्स वापरा.

४. आलेल्या फीडबॅकचे तीन ढीग करा

एकच फोटो पाच जणांना दाखवला की पाच मतं येतात आणि डोकं भंजाळतं. मी ती तीन ढिगांत टाकतो.

- चूक: डोळा शार्प नाही, कपाळ पांढरं फटक झालंय, डोक्यातून विजेचा खांब उगवलाय. वाद न घालता दुरुस्त करा.
- निवड: 'बॅकग्राउंड जास्त ब्लर आहे', 'क्रॉप फार जवळचा आहे'. फोटोचा उद्देश आठवा आणि ठरवा.
- आवड: 'ब्लॅक अँड व्हाइट कर', 'मला असे टोन आवडत नाहीत'. ऐकून घ्या, लगेच बदलायची गरज नाही.

दोन-तीन जणांनी एकमेकांशी न बोलता एकच गोष्ट सांगितली तर ती कुठल्याही ढिगात असो, नीट विचार करा.

५. फोटोतल्या माणसाला विचारलं का?

हे मी सगळ्यात उशिरा शिकलो. आजीचा एक फोटो मला फार आवडला होता. फोटोग्राफी करणाऱ्या दोन मित्रांनीही 'स्किन एकदम क्लीन आलीय' म्हणून कौतुक केलं. आजीला दाखवला तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही कोण रे? माझं गोंदण कुठं गेलं?"

फोनचा ब्यूटी मोड चालू होता. तिच्या हनुवटीवरचे गोंदणाचे बारीक हिरवे ठिपके सॉफ्टवेअरने डाग समजून पुसून टाकले होते. सुरकुत्याही अर्ध्या गेल्या होत्या आणि रंग उजळला होता. मित्रांची चूक नव्हती. त्यांनी आजीला कधी पाहिलंच नव्हतं, मग काय गायब झालंय हे त्यांना कळणार कसं? मी तर रोज बघत होतो, तरी मला दिसलं नाही. आणि मूळ फाइलच तशी सेव्ह झाल्यामुळे ते परत आणताही येईना.

तेव्हापासून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. ब्यूटी मोड आणि स्किन स्मूदिंग बंद. आणि फोटो बाहेर कुणालाही पाठवण्याआधी ज्याचा आहे त्याला दाखवायचा. 'हा फीडबॅकसाठी पाठवू का?' आणि 'यात तू तुझ्यासारखा दिसतोस का?' असे दोन प्रश्न विचारायचे. लहान मूल असेल तर आईवडिलांना विचारायचं. नको म्हणाले तर विषय संपला.

६. मग पुन्हा काढा

फीडबॅक वाचून 'हो, बरोबर आहे' म्हटलं आणि फोन बाजूला ठेवला तर काही उपयोग नाही. शक्यतो आठवडाभरात तोच माणूस, तीच जागा आणि तीच वेळ ठेवून फोटो परत काढा, पण एकच गोष्ट बदला. फोकसची चूक असेल तर फक्त ॲपर्चर, सावली असेल तर फक्त ती पांढरी चादर. एकदम चार गोष्टी बदलल्या तर फरक कशाने पडला हे कळणार नाही. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून त्याच माणसाला पाठवा, ज्याने चूक सांगितली होती. आपलं ऐकलं जातंय हे दिसलं की लोक पुढच्या वेळी जास्त वेळ देऊन बघतात.

आजीचा फोटो मी तसाच परत काढला. त्याच खिडकीपाशी, फक्त ब्यूटी मोड बंद करून. तो आता तिच्या खोलीत लावलाय.