आयुर्वेदाऐवजी आयर्लंड

आयर्लंड या देशाशी माझा संबंध आला तो एका छापखान्यामुळे.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बाळापुरात आमच्या वाचनालयाने उन्हाळी व्याख्यानमाला काढली होती. तिसरे पुष्प 'आयुर्वेद आणि आपण' हे होते आणि ते गुंफायला बाहेरगावाहून एक वैद्य यायचे होते. आमच्या चिटणीसांचे अक्षर हा मुळात स्वतंत्र संशोधनाचा विषय. पत्रके छापून आली ती 'आयर्लंड आणि आपण' अशी. चांगल्या पाचशे प्रती! वैद्यबुवांनी पत्रक पाहिले आणि 'आपला त्या देशाशी परिचय नाही' असे कळवून मोकळे झाले.

चिटणीस माझ्याकडे आले.

"सर, तुम्ही इतिहास शिकवता ना?"

"सातवीला शिकवतो. त्यात आयर्लंड नाही."

"मंग काय झालं? त्याइनं इंग्रजाले हाकललं, आपणबी हाकललं. तास निघून जाते. पत्रकाचे पैसे देऊन झाले ना बाप्पा!"

पुन्हा पत्रके छापण्यापेक्षा मला उभे करणे स्वस्त पडत होते. मी हो म्हणालो.

त्या दिवशी माझे आयर्लंडविषयीचे ज्ञान बटाट्यापाशी सुरू होऊन बर्नार्ड शॉपाशी संपत होते. पुलंची 'ती फुलराणी' ज्या नाटकावरून आली त्याचा कर्ता शॉ, तो डब्लिनचा, एवढे ठाऊक होते. बटाट्याचे म्हणाल तर १८४५ पासून सलग काही वर्षे तिकडे बटाट्यावर रोग पडला, दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. धान्य देशाबाहेर जातच होते. गरिबाच्या ताटात मात्र बटाट्यावाचून दुसरे काही नव्हते. १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकलेल्या वऱ्हाडी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वाचनालयाच्या कपाटात न. चिं. केळकरांचा 'आयर्लंडचा इतिहास' निघाला. १९०९ सालचा. पुण्याच्या माणसाने त्या काळात गॅरिबाल्डीनंतर आयर्लंडच का घ्यावा, हे पुस्तक उघडल्यावर कळू लागले. मग अकोल्याहून आणखी दोन पुस्तके आणवली आणि चार दिवस, भर मे महिन्यात, ओला पंचा डोक्यावर घेऊन मी त्या थंड, हिरव्या, पावसाळी देशात राहून आलो.

देश मोठा गमतीचा. त्यांचे राष्ट्रीय संत पॅट्रिक; १७ मार्चला त्यांचा उत्सव. पण हे गृहस्थ मूळचे आयरिश नव्हेतच. ब्रिटनमधून आयरिश लुटारूंनी त्यांना पोरवयात गुलाम म्हणून पळवून आणले. ते निसटले आणि पुढे धर्म सांगायला आपणहून परत आले. तीन दलांचे एक पान हाती धरून त्यांनी त्रिमूर्तीचे तत्त्व समजावले, अशी कथा आहे. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि अंगणातल्या बेलाकडे पाहिले. त्यांनी म्हणे देशातले सारे साप समुद्रात घालवले. शास्त्रज्ञ सांगतात, हिमयुगापासून आयर्लंडात साप नव्हतेच. नसलेले साप घालवण्याचे श्रेय आमच्याकडे फक्त निवडून आलेल्या माणसाला मिळते.

ऑक्टोबरच्या ३१ तारखेला, सुगी संपली की, त्यांची एक जुनी रात्र असते. त्या रात्री मेलेली माणसे घराकडे फिरकतात. सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचा. ही त्यांची सर्वपित्री! माणूस गेला की शेजारीपाजारी रात्रभर प्रेताजवळ बसतात, पूर्वी बायका सूर लावून रडत आणि कोपऱ्यात म्हातारे चिलीम ओढत मेलेल्याच्या गमती सांगत. आमच्याकडे चिलमीऐवजी तंबाखू, एवढाच फरक. राजचिन्हावर सिंह नाही, गरुड नाही, तर वीणेसारखे एक तंतुवाद्य. त्यांची स्वतःची भाषा इंग्रजीने पार समुद्रकाठाला रेटली होती. ती वाचवायला १८९३ साली संस्था काढावी लागली. त्याआधी, १८८४ साली, देशी खेळांची संस्था निघाली. तिच्या सभासदाने इंग्रजांचे खेळ खेळायचे नाहीत, पाहायचे देखील नाहीत, असा दंडक होता आणि तो १९७१ पर्यंत टिकला. आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून मल्लखांब आणि कबड्डी सांभाळली, १९३६ साली बर्लिनला नेऊन दाखवली, पण क्रिकेट पाहणाऱ्याला हाकलून दिल्याचे ऐकले नाही. तसे केले असते तर मंडळात कोण उरले असते, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी मात्र मी उडालो. २९ नोव्हेंबर १८०३ ला आमच्याच जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा, १५ डिसेंबरला गाविलगड घेणारा जनरल वेलस्ली जन्माने डब्लिनचा! पुढे ड्यूक झाला आणि वॉटर्लूला ज्याने नेपोलियनला हरवले तोच हा. त्या लढायांनंतर देवगावच्या तहाने वऱ्हाड भोसल्यांकडून निजामाकडे गेला, १८५३ साली निजामाने तो इंग्रजांना लावून दिला आणि १९०२ साली वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचा देऊन टाकला. म्हणजे आयर्लंड आमच्याकडे आधीच येऊन गेला होता, तोही तोफा घेऊन.

दुसऱ्यांदा आला तो शब्द घेऊन. 'होमरूल' हा शब्द त्यांचा. १९१६ च्या एप्रिलात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता, त्याच आठवड्यात बेळगावला टिळकांची होमरूल लीग निघाली. तिच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाड होता. आणि 'बॉयकॉट'! कॅप्टन बॉयकॉट हा मेयो परगण्यातला एका लॉर्डाचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली, याने ती पुरेशी दिली नाही आणि कुळांना घरे सोडण्याच्या नोटिसा काढल्या. गावाने मारले नाही, जाळले नाही. फक्त बोलणे टाकले. गडी गेले, दुकानदार माल देईना, पीक शेतात उभे. शेवटी बाहेरून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई. पाचशे पौंडांचे पीक काढायला दहा हजार खर्च झाले म्हणतात. साहेब डिसेंबरात देश सोडून गेला. नाव मात्र जगभर मागे राहिले.

व्याख्यानाला गर्दी बरी होती. मान नदीवरून येणारा वारा, किल्ल्यामागे उतरलेले ऊन, सतरंजीवर शंभरएक माणसे. त्यातली काही आयुर्वेदाला आली होती, हे त्यांच्या पोट धरून बसण्यावरून दिसत होते. मी बेल सांगितला, साप सांगितले, अडगाव सांगितले. बॉयकॉटवर आलो तेव्हा तर मला चांगलाच सूर लागला. आपली राज्यघटना करताना मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आपण त्यांच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली, हेही सांगितले आणि टाळीची जागा म्हणून शेवटी आजोबांना आणले. आजोबांचे खेड्यात किराणा दुकान होते. १९३० साली त्यांनी विलायती माल दुकानातून बाहेर काढून चावडीपुढे जाळला. "एकट्या माणसाने," मी म्हणालो, "आयर्लंडचे शस्त्र आपल्या खेड्यात चालवले!" टाळ्या पडल्या.

"कोणाले काही विचाराचं असंन तं विचारा," चिटणीस म्हणाले.

मागच्या कडेला एक म्हातारबाबा उठले. धुतलेले धोतर, हातात काठी.

"सर, तुमच्या आजोबाचं गाव कोणतं म्हणाले?"

मी सांगितले.

"तेच माहं गाव. त्याच साली माह्या बापानं मेलेलं ढोर ओढनं सोडलं. बाबासाहेबानं सांगतलं होतं, म्हनून. मंग गावानं आमच्याइले वाळीत टाकलं. चक्कीवाला दळे नाही, शेतात काम नाही. दुकानात मीठ नाही भेटे. दुकान गावात एकच होतं." ते जरा थांबले. आवाजात राग नव्हता. "त्या सायबाले हजार शिपाई भेटले म्हनता. आमच्याइसाठी हवालदारबी नाही आला. तं मी म्हनतो, हे तुम्ही सांगतलं ते शस्त्र आन् आमच्यावर चाललं ते, एकच व्हय का दोन?"

मी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता.

चिटणीसांनी आभार मानायला घेतले. वैद्यबुवांचे, छापखान्याचे, सतरंजीवाल्यांचे. मी खाली उतरून म्हातारबाबांना गाठेपर्यंत ते नातवाच्या सायकलवर मागे बसून निघाले होते.

रात्री जेवताना मी वडिलांना विचारले. "आजोबांनी कोणाला मीठ नाकारलं होतं का?" वडिलांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि बराच वेळ तसाच धरला. "गावानं ठरवलं होतं," ते म्हणाले. मग, "तेव्हा तसंच होतं." आईने ताक वाढले.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केला तो २०१६ साली. मी तोवर निवृत्त झालो होतो. त्याच सुमारास कपाट आवरताना वाचनालयाचे जुने इतिवृत्त हाती लागले. चिटणीसांच्या अक्षरात, म्हणजे लावायला मला अर्धा तास गेला, लिहिले होते : 'तिसरे पुष्प. विषय : आयर्लंड आणि आपण. उपस्थिती चांगली. श्रोत्यांपैकी एकाने प्रश्न विचारला. वेळेअभावी उत्तर देता आले नाही.'