वाकणारी दांडी की फुगणारी नळी? : शिश्न-रोपण उपकरणांच्या निवडीचा इतिहास (१९३६ ते २०१९)

प्रस्तावना

कृत्रिम सांधा, हृदयाची कृत्रिम झडप, डोळ्यातील कृत्रिम भिंग यांच्या शोधाच्या कथा पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचल्या आहेत. पुरुषाच्या जननेंद्रियात बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम उपकरणाचा इतिहास मात्र सामाजिक संकोचामुळे उपेक्षित राहिला. वास्तविक स्तंभनदोष हा दुर्मीळ विकार नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४० ते ७० वर्षे वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात हा दोष असल्याचे आढळले. मधुमेह, रक्तवाहिन्यांचे विकार, मज्जारज्जूची इजा, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया अशी त्याची अनेक शारीरिक कारणे आहेत. औषधांनी गुण येत नाही तेव्हा रुग्णापुढे उपकरणाच्या रोपणाचा मार्ग उरतो. तेथे त्याला दोन पर्यायांतून निवड करावी लागते: हाताने वाकवता येणारी दांडी किंवा द्रवाने फुगवता येणारी नळी. हे दोन पर्याय कसे निर्माण झाले, आणि दुसरा पर्याय अधिक प्रगत असूनही पहिला का टिकून राहिला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) शिश्न-रोपण उपकरणांच्या विकासाचे प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
२) दोन्ही प्रकारांच्या गुणदोषांची ऐतिहासिक क्रमाने तुलना करणे.
३) भारतीय, विशेषतः मराठी, समाजाच्या संदर्भात या निवडीचा अर्थ तपासणे.

कूर्चा ते प्लास्टिक : आरंभीचे प्रयोग

कुत्रा, अस्वल यांसारख्या अनेक सस्तन प्राण्यांच्या शिश्नात अस्थी असते. मनुष्यात ती नसते. मनुष्यात ताठरता येते ती दोन स्पंजसदृश नळ्यांमध्ये रक्त भरून व तेथेच कोंडले जाऊन. आरंभीच्या शल्यविशारदांनी निसर्गाने न दिलेली ही अस्थी बाहेरून देण्याचा प्रयत्न केला. १९३६ मध्ये रशियन शल्यविशारद निकोलाय बोगोराझ यांनी इंद्रियाची पुनर्रचना करताना त्याला आधार म्हणून रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा वापरली. तथापि कूर्चा कालांतराने शरीरात शोषली जाई किंवा वाकडी होई. त्यामुळे हा उपाय टिकाऊ ठरला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम पदार्थांचे युग सुरू झाले. १९५२ मध्ये गुडविन व स्कॉट यांनी ॲक्रिलिकच्या पट्ट्यांचा वापर केल्याचे नोंदविले. या पट्ट्या स्पंजसदृश नळ्यांच्या बाहेर, त्वचेखाली बसविल्या जात. परिणामी त्या सरकत, टोचत आणि काही वेळा त्वचा भेदून बाहेर येत.

या प्रश्नाची उकल इजिप्तमध्ये झाली. कैरो येथील बेहेरी यांनी पॉलिथिलीनच्या दोन दांड्या त्या नळ्यांच्या आतच बसविल्या. १९६६ मध्ये त्यांनी सुमारे ७०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दांडी कोणत्या पदार्थाची आहे याइतकेच ती कोठे बसवली आहे हेही महत्त्वाचे आहे, हा धडा यातून मिळाला. आजची दोन्ही प्रकारची उपकरणे याच जागी बसविली जातात. दोन्ही प्रवाहांचा उगम असा एकच आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

१९७३ ते १९८० : दोन वाटा

साठच्या दशकात सिलिकॉन हा शरीराला तुलनेने मानवणारा पदार्थ उपलब्ध झाला आणि पुढील प्रगतीला वेग आला. १९७३ मध्ये ह्यूस्टन येथील ब्रँटली स्कॉट यांनी विल्यम ब्रॅडली व जेराल्ड टिम यांच्या सहकार्याने फुगवता येणारे उपकरण जगापुढे मांडले. त्यात दोन सिलिकॉनच्या नळ्या, पोटाच्या खालच्या भागात ठेवलेली द्रवाची पिशवी आणि वृषणकोशात बसविलेले पंप असे भाग होते. मूळ रचनेत नळ्या भरण्यासाठी एक व रिकाम्या करण्यासाठी दुसरा असे दोन स्वतंत्र पंप होते. निसर्गात जे काम रक्त करते ते येथे द्रवाकडून करून घेतलेले होते. ताठरता हवी तेव्हा यावी आणि नको तेव्हा जावी, हे प्रथमच साध्य झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, मायामी येथील मायकेल स्मॉल व हर्नान कॅरियन यांनी सिलिकॉनच्या दोन दांड्यांचे साधे उपकरण प्रसिद्ध केले. या दांड्या वेगवेगळ्या लांबी-जाडीच्या असून नळ्यांची पूर्ण लांबी व्यापत. मात्र इंद्रिय सदैव अर्धवट ताठ राही व कपड्यांखाली झाकणे कठीण जाई. १९७७ मध्ये फिनी यांनी दांडीला बिजागरीसारखा मऊ भाग दिला. १९८० मध्ये जर्मनीतील उडो योनास यांनी सिलिकॉनच्या आत चांदीची तार घालून दांडी हवी तशी वाकवता येईल आणि वाकवलेल्या स्थितीत राहील अशी सोय केली. वाकवता येणाऱ्या उपकरणाचे आजचे रूप येथून आकारास आले.

कालक्रम पाहता दांडी हे ‘जुने’ व पंप हे ‘नवे’ असा सर्वसाधारण समज यथार्थ नाही. स्मॉल-कॅरियन यांची दांडी स्कॉट यांच्या पंपानंतर आली आणि तारेची दांडी तर त्याहूनही नंतर. पंप उपलब्ध असताना शल्यविशारदांनी साध्या उपकरणाकडे वळणे, ही घटना बोलकी आहे.

गुणदोषांचा ताळेबंद

त्याचे कारण आरंभीच्या पंपाच्या दुबळेपणात होते. जितके भाग अधिक, तितक्या बिघाडाच्या शक्यता अधिक. द्रव गळणे, जोडनळीला पीळ पडणे, सिलिकॉनची नळी एका ठिकाणी फुग्यासारखी फुगणे असे दोष वारंवार उद्भवत आणि रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागे. १९८३ मध्ये पीळ न पडणाऱ्या जोडनळ्या आल्या. १९८७ मध्ये विणलेल्या कापडाचा मधला थर असलेल्या तीन थरांच्या नळ्या आल्या. या सुधारणांचे फळ २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात दिसते. त्यानुसार पाच वर्षांनंतरही सुमारे ८६ टक्के उपकरणे दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेविना टिकून होती.

जंतुसंसर्ग हा मात्र दोन्ही प्रकारांचा समान शत्रू राहिला. संसर्ग झाल्यास उपकरण काढावे लागते आणि आतील ऊतकांत व्रण राहून इंद्रिय आखूड होऊ शकते. २००१ मध्ये रिफॅम्पिन व मिनोसायक्लिन या प्रतिजैविकांचा लेप असलेली फुगणारी उपकरणे बाजारात आली आणि हे प्रमाण घटले.

दांडीची बाजू वेगळी आहे. तिच्यात द्रव नाही, पंप नाही. शस्त्रक्रिया तुलनेने सोपी व कमी वेळेची. हाताच्या बोटांत शक्ती नसलेल्या रुग्णालाही ती वापरता येते. मज्जारज्जूच्या इजेमुळे मूत्रविसर्जनासाठी बाहेरून पिशवी लावावी लागणाऱ्या रुग्णांना तिच्यामुळे पिशवी बसविणे सुलभ होते. परंतु आतून सतत पडणाऱ्या दाबाने ऊतक झिजण्याचा धोका राहतो, आणि संवेदना नसलेल्या रुग्णाला तो वेळीच जाणवत नाही. म्हणजे ज्या रुग्णाला दांडी सोयीची, त्यालाच ती अपायकारकही ठरू शकते.

दोन्ही उपकरणे केवळ ताठरता देतात. इच्छा, संवेदना किंवा वीर्यस्खलन देत नाहीत. शिवाय रोपणानंतर नैसर्गिक ताठरतेवर अवलंबून राहता येत नाही. निवड कोणतीही असो, ती परतीची वाट बंद करणारी असते.

औषध, शब्द आणि कायदा

१९८२ मध्ये फ्रान्समधील रोनाल्ड विराग यांनी पापावेरिनच्या इंजेक्शनचा उपाय मांडला. १९९८ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत सिल्डेनाफिल या गोळीस मान्यता मिळाली. त्यानंतर रोपण हा पहिला नव्हे, तर शेवटचा पर्याय ठरला. याच काळात भाषाही बदलली. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरविलेल्या परिषदेने ‘नपुंसकत्व’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘स्तंभनदोष’ या अर्थाची संज्ञा वापरावी असे सुचविले. पहिला शब्द माणसावर शिक्का मारतो. दुसरा विकाराचे नाव सांगतो.

शासकीय नियंत्रणातही दोन्ही उपकरणांत भेद झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० मध्ये फुगवता येणाऱ्या उपकरणांसाठी विक्रीपूर्व मान्यता आवश्यक केली, तर दांडी तुलनेने कमी जोखमीच्या वर्गात राहिली.

भारतीय संदर्भ

महाराष्ट्रात लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणाने लिहिण्याची परंपरा र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापर्यंत मागे जाते. १९२७ मध्ये सुरू झालेले हे मासिक कर्वे यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही सर्वसामान्य पुरुष वैद्याच्या जाहिरातीकडेच वळत राहिला. अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ मध्ये झाला. भिंतींवरची रंगीत अक्षरे मात्र पुसली गेली नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही नपुंसकत्व हे विवाह रद्द करण्याचे एक कारण मानले. हा विकार लपविण्याची सामाजिक निकड यावरून समजून येते.

परदेशी बनावटीचे फुगणारे उपकरण दांडीपेक्षा कित्येक पटींनी महाग पडते. ज्या देशांत खर्च बहुधा रुग्णाच्याच खिशातून होतो, तेथे दांडीचे महत्त्व कमी झालेले नाही. मुंबईतील डॉ. रूपिन शाह यांच्या नावाने ओळखले जाणारे भारतीय बनावटीचे सिलिकॉनचे उपकरण या दृष्टीने उल्लेखनीय आहे. काढता येणाऱ्या आवरणांच्या साहाय्याने त्याची जाडी कमी-जास्त करता येते, त्यामुळे अनेक मापांचा साठा ठेवावा लागत नाही. श्रीमंत देशातील संशोधनाची नक्कल न करता येथील गरजेतून घडलेले हे उत्तर होय.

तथापि स्वस्त म्हणून दांडी, हा न्याय सरसकट लावणे योग्य नाही. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात, गर्दीच्या लोकलमध्ये वावरणाऱ्या पुरुषाला झाकता न येणारी ताठरता हाच मोठा जाच ठरू शकतो. ज्याला पंपाची गरज अधिक, त्यालाच तो परवडत नाही, हा या इतिहासातील खरा पेच आहे.

निष्कर्ष

१) दोन्ही उपकरणे एकाच शस्त्रक्रियात्मक शोधातून निघालेल्या समांतर वाटा आहेत, एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. २०१९ मध्येही वाकवता येणारे नवे उपकरण बाजारात आले, ही बाब पुरेशी सूचक आहे.
२) फुगणारे उपकरण निसर्गाच्या अधिक जवळ जाते, तर दांडी साधेपणामुळे टिकते. कोणते श्रेष्ठ हे रुग्णाचे हात, त्याचे इतर आजार, त्याचे घर आणि त्याचे उत्पन्न यांवर ठरते.
३) किंमत ही निवडीची एकमेव कसोटी होऊ नये. दोन्ही पर्यायांची माहिती शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला व त्याच्या जोडीदाराला मिळणे हा त्यांचा हक्क आहे.
४) माहिती संकोचामुळे अडली तर निवड ही केवळ नावापुरती उरते. तेव्हा मराठीतून या विषयावर शास्त्रीय लेखन वाढणे, ही केवळ भाषेची नव्हे तर सार्वजनिक आरोग्याचीही गरज आहे.